चाक मुरुडला, हँडल समुद्राला

स्वतःच्या हातानं केलेलं काम स्वस्त पडतं, ही समजूत प्रथम कुणी पसरवली ते मला ठाऊक नाही; पण त्या गृहस्थाच्या घरी १२-१३चा पाना नव्हता, एवढं मी खात्रीनं सांगू शकतो. आमच्या घरी आता तो आहे. १०-११चा आहे, १४-१५चा आहे, आणि एका टोकाला चौकोनी भोक असलेलं एक असं हत्यार आहे, की ते कशाचं आहे हे देणाऱ्या दुकानदारालाही सांगता आलं नाही. "राहू दे सर, लागतं कधीतरी," एवढंच तो म्हणाला. हे सगळं मी एक मोटरसायकलचं हँडल बदलण्यासाठी जमवलं, आणि ते कशासाठी बदललं ते सांगायला मला थोडं मागं, म्हणजे आसूदच्या उतारापर्यंत जावं लागेल.

माझी गाडी २००३ सालची स्प्लेंडर. तिच्या टाकीवर हिरो आणि होंडा ही दोन्ही नावं शेजारी शेजारी आहेत. या दोघांनी २०१०च्या डिसेंबरात वेगळं व्हायचं जाहीर केलं, त्यालाही आता जमाना झाला. पण आमच्या टाकीवर ती दोघं अजून गुण्यागोविंदानं नांदताहेत. पंधरा वर्षं पुरी झाल्यावर गाडीची पुन्हा नोंदणी करावी लागली, आणि आता दर पाच वर्षांनी ती धडधाकट असल्याचं सरकारला पटवावं लागतं. मलाही पेन्शनसाठी दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. म्हणजे सरकारच्या लेखी आम्ही दोघं साधारण एकाच फायलीत आहोत.

तर नारळी पौर्णिमा होऊन गेली होती. बंदरावर पुन्हा होड्या लागायला सुरुवात झाली होती, संध्याकाळच्या लिलावाचा गलका घरापर्यंत ऐकू येत होता, आणि गणपतीला नऊ दिवस राहिले होते. मी दापोलीहून मखराचं सामान घेऊन हर्ण्याला परतत होतो. आसूदला रस्ता नारळी-पोफळींच्या गर्द सावलीतून खाली उतरतो. बाहेरचे लोक मुद्दाम गाडी थांबवून तिथं फोटो काढतात. ज्या सावलीचे ते फोटो काढतात, तिच्यामुळंच रस्त्याच्या कडेला शेवाळ धरतं, हे फोटोत येत नाही. समोरून दोन म्हशी आल्या. मी त्यांना सभ्यपणे वाट दिली. गाडी सावकाश, अगदी विचारपूर्वक, उजव्या कुशीवर झोपली. मीही तिच्याबरोबर झोपलो.

फार लागलं नाही. गुडघा खरचटला, विजारीला एक खिडकी पडली. साक्षीदार म्हणाल तर त्या दोन म्हशी, आणि त्यांनी आजवर तोंड उघडलेलं नाही. मी गाडी उभी केली, किक मारली, ती सुरूही झाली. फक्त एक गोष्ट बदलली होती. गाडी सरळ न्यायची तर हँडल उजवीकडं वळवून धरावं लागत होतं. घरी येईपर्यंत मी खेकड्यासारखा आलो. दुसऱ्या दिवशी मुरुडच्या रस्त्यावर नेऊन पाहिली. हर्ण्याहून मुरुडकडं निघालं की समुद्र उजव्या हाताला असतो. चाक मुरुडकडं जात होतं आणि हँडल सुवर्णदुर्गाकडं पाहत होतं.

आता तुम्ही म्हणाल, गाडी गॅरेजला द्यायची. एवढं साधं असतं तर मी हा लेख लिहायला बसलो नसतो. अडचण अशी होती, की आमचे चिरंजीव पुण्याला असतात. गेल्या दिवाळीत त्यांनी माझ्याशी एक करार केला. "बाबा, तुम्ही सदुसष्ट वर्षांचे आहात. एकदा जरी पडलात ना, तर गाडी विकायची आणि दोघांनी पुण्याला यायचं." मी काही सही केली नव्हती, पण तोंडात चकली असताना मान हलवली होती, आणि सुनेनं ते पाहिलं होतं. पुण्याला आम्हांला अतिशय प्रेमानं ठेवतात. तिथं लिफ्ट आहे, बाल्कनी आहे, बाल्कनीत तुळस आहे. फक्त बाल्कनीतून समोरची बाल्कनी दिसते. मला सकाळी उठून सुवर्णदुर्ग आहे ना जागेवर, हे पाहायची सवय आहे. साडेतीनशे वर्षांत तो हलला नाही हे मला ठाऊक आहे, मी शाळेत इतिहासच शिकवायचो. तरी पाहिल्याशिवाय चहा गोड लागत नाही.

आणि हर्ण्यातलं गॅरेज माझ्याच एका विद्यार्थ्याचं. मुलगा सोन्यासारखा, पण त्याच्या गॅरेजात दिवसाकाठी निदान चाळीस माणसं उगीचच बसलेली असतात. तिथं सकाळी दहाला 'सर पडले' असं कळलं, तर साडेदहाला बंदरावर 'सरांचा पाय मोडला', अकराला अंजर्ल्यात 'सरांना मुंबईला हलवलं' आणि दुपारच्या जेवणाला पुण्यात फोन. तेव्हा हँडल मीच बदलणार, असं मी आमच्या हिला जाहीर केलं.

"पैसे वाचवायला?" तिनं विचारलं.

"स्वावलंबन," मी म्हणालो. 

"तुमच्या स्वावलंबनाला आयोडीन लावलंय का?" ती म्हणाली आणि गुडघ्याकडं पाहत राहिली.

मला आत्मविश्वास नव्हता अशातला भाग नाही. ३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ आलं, तेव्हा आमच्या या पट्ट्यात नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, कौलं उडाली, खांब पडले, आणि कितीतरी दिवस वीज नव्हती. त्या वेळी कौलारू मिळेना, तेव्हा मी स्वतः माडीवर चढून कौलं लावली होती. पुढच्या पावसात त्यांतली निम्मी गळली हे खरं, पण निम्मी गळली नाहीत, हेही खरंच आहे.

दापोलीला एस.टी.नं जाऊन मी हँडल घेतलं. तिथं मला पहिलं ज्ञान प्राप्त झालं. हँडलची नळी जिथं मूठ बसते तिथं बावीस मिलिमीटर जाडीची असते. आपल्याकडच्या बहुतेक मोटरसायकलींना हेच माप. मूळचं ते इंचाचं, सात-अष्टमांश. साहेब गेला, इंच गेला, सगळं मीटरमध्ये आलं. पण आपण ज्याला धरून चालतो ती नळी अजून साहेबाच्याच मापाची आहे. हा विचार मी दुकानदाराला ऐकवला. त्यानं मला तो चौकोनी भोकाचा पाना दिला.

पहिला दिवस सोडण्यात गेला. तोपर्यंत मी समजत होतो, की हँडल म्हणजे एक वाकडी नळी. ती चार बोल्टांनी धरलेली असते. चार काढायचे, चार लावायचे, संपलं. पण एकत्र कुटुंबातला थोरला भाऊ जसा नुसता बसलेला दिसतो आणि सगळं घर त्याच्यावर टांगलेलं असतं, तसं हँडलचं आहे. डाव्या हाताला क्लचची दांडी आणि तिची केबल, हॉर्न, दिव्याची बटणं. उजव्या हाताला पुढच्या ब्रेकची दांडी आणि केबल, अॅक्सिलरेटर आणि त्याची केबल. वर दोन आरसे, टोकाला दोन मुठी. एकेक सोडवत गेलो, तशी ती सगळी मंडळी हेडलाइटभोवती लोंबायला लागली. वडापाशी सुताचे धागे लोंबतात तशी गाडी दिसायला लागली. वटपौर्णिमेला धागे कुठून कुठं गेले याची चौकशी होत नाही, इथं ती होणार होती. शहाणा माणूस सोडण्याआधी मोबाइलवर एक फोटो काढून ठेवतो. मीही काढला, पण सगळं सोडून झाल्यावर.

जुनं हँडल ओटीवर नव्याच्या शेजारी ठेवलं. आमची ही चहा घेऊन आली. तिनं दोन्हींकडं नीट पाहिलं.

"अहो, ही तर दोन्ही सारखीच दिसतात."

"तुला त्यातलं कळत नाही," मी म्हणालो. "सूक्ष्म बाक आहे."

वाचकहो, हे वाक्य लक्षात ठेवा. मलाही ते पुढं बरेच दिवस लक्षात ठेवायला लावण्यात आलं.

दुसरा दिवस भोकाचा. स्विचच्या डबीत आतल्या बाजूला एक बारीक खुंटी असते. हँडलच्या नळीला एक भोक असतं. खुंटी भोकात बसते, म्हणून डबी गरगर फिरत नाही. नव्या नळीला ते भोकच नव्हतं. शेजारच्या काकांनी गिरमिट आणून दिलं. होड्यांच्या कामातलं, पूर्वापार चालत आलेलं. गिरमिट लाकडाला पाडतं, लोखंडाला पाडत नाही, हे आम्हां दोघांना अर्ध्या तासानं समजलं. काकांना त्यापेक्षा थोडा जास्त वेळ लागला, कारण ते जोर लावत होते आणि मी फक्त नळी धरली होती. शेवटी ग्रिल बसवणाऱ्या एका मुलाला बोलावून विजेच्या ड्रिलनं भोक पाडून घेतलं. त्यानं कशाला हवं म्हणून विचारलं. "पडद्याची दांडी," मी म्हणालो. वाकड्या दांडीला पडदा कसा लावणार, असं त्यानं विचारलं नाही; सरांना काय विचारायचं, असा त्याच्या चेहऱ्यावर भाव होता.

मग मुठी. नवी रबरी मूठ कोरड्या नळीवर चढत नाही. मी साबणाचं पाणी लावलं, मूठ सुर्रकन आत गेली. मी खूष झालो. पण साबण वाळला तर मूठ घट्ट बसणार, आणि हर्ण्याला त्या दिवसांत टॉवेल वाळत नाही, तिथं रबराच्या पोटातला साबण काय वाळणार? डावी मूठ हातात फिरायला लागली. तिचं पाहून मी उजव्या मुठीच्या वेळी सावध झालो आणि चिकटवायचं सोल्युशन लावलं. तेही जरा सढळ. उजवी मूठ खरं तर नळीवर बसतच नाही. ती बसते एका प्लॅस्टिकच्या नळकांड्यावर, आणि ते नळकांडं हँडलवर मोकळं फिरतं, तेव्हा गाडी पळते. सोल्युशन कडेनं आत उतरलं. आता माझी डावी मूठ, जी फिरायला नको होती, ती गरगरा फिरत होती. आणि उजवी, जी फिरायला हवी होती, ती ढिम्म हलत नव्हती. ते सोडवायला रॉकेलचा बोळा आणि संबंध संध्याकाळ लागली.

त्या रात्री ओसरीवर बसून मी समोर अंधारात किल्ल्याच्या दिशेनं पाहत होतो. कमोडोर जेम्सनं १७५५च्या एप्रिलमध्ये तुळाजी आंग्र्यांकडून सुवर्णदुर्ग घेतला. कान्होजी आंग्र्यांच्या वेळेपासून समुद्रावर दरारा असलेलं ठाणं ते. पण त्याला मोजके दिवस पुरले. माझा दुसरा दिवस संपला होता आणि माझ्या ताब्यात फक्त क्लच आला होता. अर्थात जेम्सला पेशव्यांची मदत होती. मला काकांची.

तिसऱ्या दिवशी सगळं जोडलं. स्टँडवर गाडी उभी करून सुरू केली. शांतपणे धडधडायला लागली. हँडल डावीकडं वळवलं, ठीक. उजवीकडं वळवलं आणि इंजिन एकाएकी असं ओरडायला लागलं, की शेजारच्या कोंबड्या कुंपणापलीकडं गेल्या आणि काका अलीकडं आले. मुठीला मी हातही लावलेला नव्हता. हे कोडं मात्र मी स्वतः सोडवलं, त्याचा मला अजून अभिमान आहे. अॅक्सिलरेटरची केबल मी चुकीच्या बाजूनं घेतली होती. हँडल वळलं की ती ताणली जायची, आणि केबलला काय, ओढ लागली की ती कुणी लावली हे कळत नाही. मुठीनं ओढली काय नि हँडलनं ओढली काय, गाडी पळणार. भर बाजारात वळताना ती अशी उधळली असती, तर मग पुण्याची बाल्कनी तरी नशिबात होती की नाही कोण जाणे. केबल पुन्हा मोकळी करून नीट वाटेनं घेतली. हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत पाच वेळा फिरवून पाहिलं. आवाज तोच राहिला. आयुष्यात प्रथमच मला कुणीतरी माझं ऐकतंय असं वाटलं.

मग नव्या चकचकीत हँडलची ती गाडी घेऊन मी ऐटीत मुरुडच्या रस्त्याला लागलो.

चाक मुरुडकडं जात होतं. हँडल सुवर्णदुर्गाकडं पाहत होतं.

मी गाडी थांबवली आणि रस्त्याकडेला बसलो. याच मुरुडचे महर्षी कर्वे परीक्षेसाठी मुरुडहून साताऱ्यापर्यंत चालत गेले होते. ते एकशेचार वर्षं जगले. या दोन गोष्टींचा परस्परांशी काही संबंध आहे असं आमच्या हिचं पहिल्यापासून मत आहे. त्या दिवशी मलाही ते प्रथमच पटायला लागलं. खरं सांगायचं तर हँडलपेक्षा दुसरीच शंका मन कुरतडत होती. हँडल तर नवं आहे. मग वाकडं काय झालंय? गाडी, की मी?

शेवटी गॅरेजला गेलोच. दुपारी दोनला गेलो, गर्दी कमी असते म्हणून. सहाच माणसं होती.

विद्यार्थ्यानं गाडीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, माझ्या गुडघ्याकडं पाहिलं. त्यानं काही विचारलं नाही. पुढच्या चाकाला धरणारे दोन दांडे वरच्या बाजूला ज्या पट्ट्यांत आवळलेले असतात, तिथले बोल्ट त्यानं थोडे ढिले केले, पुढं येऊन चाक दोन्ही गुडघ्यांत धरलं, हँडल दोन्ही हातांनी पकडून एक झटका दिला, आणि बोल्ट आवळून टाकले. पाच मिनिटंही लागली नसतील.

"झालं, सर."

"झालं? अरे, पण काय झालं होतं?"

"काही नाही. गाडी पडली की दांडे पट्ट्यांत जरासे पिळतात. हँडल सरळच असतं."

"म्हणजे माझं जुनं हँडल..."

"सरळच असणार, सर."

ओटीवरचा तो चहा आणि ते वाक्य मला आठवलं. तीन दिवस मी एका निर्दोष आरोपीला फासावर चढवायची तयारी करत होतो. सहा माणसांपैकी चार हसली. दोन माझे विद्यार्थी होते, ते खोकले.

संध्याकाळी तो मुलगा घरी आला. "जुनं हँडल बघू, सर." त्यानं ते हातात घेतलं, टोकातून आत पाहिलं, मग मधोमध, जिथं ते आवळलेलं असतं तिथं, पेचकसाच्या मुठीनं ठोकलं. नळीतून गंजाची मूठभर पूड जमिनीवर सांडली. बाहेरून क्रोमचा मुलामा असतो. आत नळी उघडीच. वीस-बावीस वर्षं खारी हवा टोकातून आत शिरत होती आणि शांतपणे लोखंड खात होती. बाहेर फक्त चार-दोन तांबडे ठिपके. त्यानं पुन्हा जरा जोरात ठोकलं, तेव्हा पेचकसाचं टोक आत गेलं.

"बदललंत ते बरं केलंत, सर," तो म्हणाला. आवाज एकदम खाली आला होता. "हे उतारावर हातात आलं असतं."

आमची ही दारात उभी होती. ती काही बोलली नाही. सूक्ष्म बाकाबद्दलसुद्धा नाही.

मुलानं पैसे घेतले नाहीत. "कुणाला सांगत नाही, सर," असंही जाताना म्हणाला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बंदरावर मांदेली घ्यायला गेलो, तेव्हा टोपलीमागून मावशींनी विचारलं, "काय मास्तर, गुडघा कसा हाय आता?"

हिशेब करायचा तर तोही करतो. हँडल, मुठी, पान्यांचा संच, सोल्युशन, रॉकेल, ड्रिलवाल्याचा चहा आणि एस.टी.चं दोन वेळचं भाडं मिळून एकवीसशे चाळीस रुपये. विद्यार्थ्याला नंतर विचारलं, गॅरेजात हँडल बदललं असतं तर किती झाले असते? तो म्हणाला, हँडलचे पैसे आणि वर मजुरीचे दोनशे. ते म्हणताना तो जरा लाजला. दोनशे जास्त होतात असं त्याला वाटलं असावं.

गणपतीच्या आदल्या दिवशी चिरंजीव आले. सामान ठेवलं, आजूबाजूला पाहिलं आणि सरळ पडवीत गाडीपाशी गेले. हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. किक मारून पुन्हा फिरवलं आणि कान देऊन उभे राहिले. हे कुठं शिकला कोण जाणे. मी तर त्याला इतिहास शिकवला होता. मग खाली वाकून केबल पाहिली.

"चांगलं बसवलंय," तो म्हणाला. "गुडघा बरा आहे का?"

मी हिच्याकडं पाहिलं. ती मोदकांच्या उकडीत गढली होती. म्हशींनी तोंड उघडलं नाही, पण मी पडलो त्याच रात्री पुण्याला फोन गेला होता. नऊ दिवस त्या पोरानं एका शब्दानं विचारलं नव्हतं. बाप हँडल बदलतोय, तर बदलू दे, म्हणाला होता आईला.

करारात दुरुस्ती झाली. पावसात आसूदच्या पुढं जायचं नाही, अंधार पडल्यावर काढायची नाही, आणि दर दिवाळीला तो स्वतः गाडी तपासणार. सरकारला पाच वर्षांनी पटवावं लागतं, याला दर वर्षी. मी या वेळी तोंड रिकामं असताना मान हलवली.

जुनं हँडल फेकून द्यायचा मला धीर होईना. परसात पडवळाच्या मांडवाला ते आडवं बांधलंय. वेलानं ते धरलंयही. हातात ओळंबा घेऊन, दोरी लावून, अगदी सरळ बांधलं होतं. काल आमची ही मागच्या दारात उभी राहून बराच वेळ त्याच्याकडं पाहत होती.

"अहो," ती म्हणाली, "जरासं समुद्राकडं झुकलंय का हो ते?"